मामांची केळी 'राखीव'मध्ये गेली म्हणे

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. "काय रे भो, आपली जमीन जाईन का?" मुक्ताईनगर तालुक्यात जंगलाच्या कडेला त्यांची केळी आहे. गावच्या ग्रुपवरचा मेसेज त्यांनी वाचून दाखवला: मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्रात शेतं गेली, सगळं दिल्लीहून ठरतं, चराई बंद, वाघही बाहेरून आणून सोडले.

आधी जमिनीचं. हे क्षेत्र, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली जागा, २०१४ साली जाहीर झालं, साधारण १२२ चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६अ खाली राज्य सरकार असं क्षेत्र जाहीर करतं, आणि त्या कलमात सरळ लिहिलंय: सरकारच्या मालकीची जागा. मामांच्या सातबाऱ्यावर मामांचं नाव आहे. मग ती जाईल कशी? खासगी जमिनीसाठी ३६क हे वेगळं कलम आहे. तिथेही मालक स्वतःहून पुढे आल्याशिवाय काही होत नाही. (जंगलातल्या वनपट्ट्यांचे दावे हा वेगळा विषय, तो २००६च्या वनहक्क कायद्याचा.) घोषणेला दहा वर्षं उलटली, एक तरी नोटीस आली का? नाही. मग मेसेज आत्ताच का? तेही मामांच्याच तोंडून कळलं: "सरकारनं घेण्याआधी विकून टाका" म्हणत एक जण दोनदा येऊन गेलाय, भाव निम्मा सांगतोय. घ्या!

दिल्लीचं थोडक्यात. कलम ३६ब वाचा. व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. तुमचा कोण, ते सरपंचांना विचारा.

चराईचं निम्मं खरं आहे, मान्य करावंच लागेल. राखीव वनात गुरं घातली की फॉरेस्टवाले अडवतात. पण ते १९२७च्या भारतीय वन कायद्यानं, म्हणजे आजोबांच्या काळापासून. अभयारण्यात चराई रोखायचा अधिकार एका वेगळ्या पोटकलमात आहे, आणि ते ३६अ नं संवर्धन राखीवला लावलेलंच नाही.

आणि वाघ? मेळघाट, अंबाबरवा, वढोदा, यावल, या जंगलांतून त्याची जुनी पायवाट. आपल्याच तालुक्यातल्या डोलारखेड्याच्या केळीत तो सावलीला, पाण्याला आणि रानडुकरांच्या मागे येतो. डुकरं पण कुणी आणून सोडली का?

मामांना एवढंच सांगितलं, तो माणूस परत आला की त्यालाच ३६अ वाचायला लावा. आणि कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पुढच्या हंगामाची, लागवड थांबवू नका.