चिएन-शिउंग वू : हुकलेल्या नोबेलपलीकडे

दरवर्षी महिला दिनाच्या आसपास चिएन-शिउंग वू यांचा फोटो समाजमाध्यमांवर फिरू लागतो आणि त्याखाली बहुतेक वेळा एवढेच असते, की या चिनी भौतिकशास्त्रज्ञ बाईंचे नोबेल हुकले. १९५७ चे पारितोषिक, ज्यांची शंका वू यांच्या प्रयोगाने खरी ठरवली त्या त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनाच मिळाले, हा वू यांच्यावर अन्यायच होता, असे माझेही मत आहे. परंतु या हळहळीपायी त्यांनी नेमके केले काय, हेच सांगायचे राहून जाते.

वू यांचा जन्म १९१२ मध्ये शांघायजवळच्या ल्यूहे गावातला. वडिलांनी मुलींसाठी शाळा काढली होती, तिथेच त्यांचे शिक्षण सुरू झाले. १९३६ मध्ये त्या बोटीने अमेरिकेला गेल्या, त्यानंतर आईवडिलांची भेट पुन्हा कधीच झाली नाही. १९७३ मध्ये त्या चीनला परत जाऊ शकल्या, तोवर दोघेही वारले होते.

निसर्गाचे नियम आरशातल्या प्रतिबिंबालाही जसेच्या तसे लागू पडतात, हे भौतिकशास्त्रात गृहीतच धरलेले होते. किरणोत्सारी बीटा क्षयाच्या, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियेच्या, बाबतीत हे कोणी तपासलेलेच नाही, असे ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. वू यांनी पतीबरोबरचा ठरलेला परदेश दौरा रद्द केला, पतींना एकटेच पाठवले आणि त्या कामाला लागल्या. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने वळवायची आणि त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखेच जातात का ते मोजायचे, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. पण उष्णतेने ती केंद्रे विस्कटू नयेत म्हणून तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर अंशाच्या शंभराव्या भागाइतकेच ठेवावे लागते. त्यासाठी लागणारे स्फटिक प्रयोगशाळेतच वाढवावे लागले. ते जोडायला वापरलेला गोंद त्या थंडीत टिकेना, तेव्हा नायलॉनच्या बारीक धाग्याने बांधून काम भागवले. डिसेंबरअखेर उत्तर मिळाले : इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त जात होते, आणि चुंबकीय क्षेत्र उलटे केले की कलही उलटत होता. म्हणजे आरशाचा तो नियम इथे लागू पडत नव्हता.

हा प्रयोग वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये झाला. तिथले अँब्लर, हेवर्ड, हॉपिस आणि हडसन हे चौघे शोधनिबंधाचे सहलेखक होते, आणि अतिशीत तापमानाचे तंत्र तर त्यांचेच. वू यांच्या उपेक्षेवर पोटतिडकीने लिहिणाऱ्यांना ही चार नावे सहसा आठवत नाहीत, हेही मला खटकते.

संताप करायचाच असेल, तर माझा रोख नोबेल देणाऱ्या स्टॉकहोमपेक्षा वू जिथे नोकरीला होत्या त्या कोलंबिया विद्यापीठावर आहे. नोबेल समितीच्या निवडीवर वाद घालता येतो, पगारपत्रकावर कसला वाद घालणार? तिथल्या पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन वू यांना मिळू लागले ते १९७५ मध्ये, म्हणजे अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांना आपल्या पहिल्या महिला अध्यक्ष केले त्याच वर्षी.