कुलदेवतेला जाणारी मॅटाडोर आणि आपला मेळा

झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या मेळ्यांचे फोटो सध्या खूप फिरताहेत. त्यात नेहमी एकच गाडी दिसते : गोल दिव्यांची, दोन रंगांची, समोर मोठा बिल्ला असलेली फोक्सवॅगन. मला ती गाडी मनापासून आवडते. पण घर बरोबर घेऊन फिरायची आपली जी रीत होती, ती मॅटाडोर या जुन्या व्हॅनमधून होती. त्या मॅटाडोर आज भंगारात तुटताहेत आणि त्यांच्यासाठी कुणी मेळा भरवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बरेच दिवस मनात होतं, आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आम्हा इंदूरच्या मराठी घरांची कुलदैवतं जवळजवळ सगळी नर्मदेपलीकडची. कुणाची भवानी तुळजापूरची, कुणाचा खंडोबा जेजुरीचा, कुणाची सप्तशृंगी वणीची, आणि कोकणातून आलेल्यांचं दैवत थेट समुद्राकाठी. घरात लग्न झालं, मुंज झाली की दर्शनाला जायचंच. रेल्वेने जायचं तर खांडव्यापर्यंत मीटरगेज, तिथे सामानसुमान उतरवून गाडी बदलायची. बरोबर म्हातारी माणसं, तान्ही मुलं, शिवाय ओटीचं आणि नैवेद्याचं सामान. म्हणून दोन-तीन घरं मिळून मॅटाडोर ठरवायची. रामबागेत, नारायण बागेत, लोकमान्य नगरात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे सांगायला नको.

मागचं एक बाक काढून गाद्या घातल्या जायच्या. पायाशी पंपाचा स्टोव्ह, तांदळाची पिशवी, पितळी डबे, दोरीने घट्ट बांधलेला पाण्याचा पिंप. आजी दशम्या आणि तिळाची चटणी स्वतःच्या मांडीवर धरून बसायची, तो डबा कुणाच्या हाती द्यायची नाही. खलघाटला नर्मदेच्या पुलाशी गाडी थांबली की सगळे उतरून हात जोडायचे. पुढे सेंधव्यानंतर बिजासनीचं देऊळ, तिथे नारळ फोडायचा आणि मग घाट उतरून महाराष्ट्रात. शिरपूर-धुळ्याच्या मधे एखादं चिंचेचं झाड बघून स्टोव्ह पेटायचा. पिठलं, भात, वर कच्चं तेल. बायका झाडाआड पातळ बदलून यायच्या आणि ड्रायव्हरदादांना पहिलं पान वाढलं जायचं, कारण पुढचा रस्ता त्यांच्या हातात. रात्री एखाद्या देवळाच्या आवारात गाडी लावून पुरुषमंडळी बाहेर सतरंजीवर आणि बायकामुलं आत झोपायची.

युरोपात याच गोष्टीसाठी लोक आज तंबू, पडदे, घडीचे ओटे लावलेल्या व्हॅन घेऊन शेकडो किलोमीटर जातात आणि मैदानात रात्र काढतात. आपल्याकडे हे घरोघरी चालत होतं. त्याला छंद म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, म्हणून ते जपायचंही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता थोडं गाड्यांबद्दल, कारण यात एक नातं आहे जे फार थोड्यांना माहीत असतं. फोक्सवॅगनची ती व्हॅन १९४७ साली बेन पॉन या डच विक्रेत्याच्या वहीतल्या एका साध्या रेखाटनातून सुरू झाली आणि ८ मार्च १९५० रोजी तिचं उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपायची-स्वयंपाकाची सोय करून दिली. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटरच नाही. ब्राझीलमध्ये तिची पुढची पिढी थेट २०१३ पर्यंत बनत होती. पण तिच्याही आधी, १९४९ साली, हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने मॅटाडोर नावाची व्हॅन आणली होती आणि तिच्यात फोक्सवॅगनचंच इंजिन होतं! स्वतःची व्हॅन बाजारात उतरवल्यावर काही वर्षांत फोक्सवॅगनने ते इंजिन देणं बंद केलं. दोघी चुलत बहिणीच म्हणायच्या. मॅटाडोरचं नाव आणि घराणं पुढे बजाज टेम्पोमार्फत पुण्याजवळच्या आकुर्डीला आलं आणि आपल्या रस्त्यांवर रुजलं. पुढची चाकं ओढणारी गाडी, त्यामुळे मागे फरशी सपाट आणि जमिनीलगत. साठीतल्या बाईलाही पदर सावरत सहज चढता येईल अशी. ॲम्ब्युलन्स म्हणून, शाळेची गाडी म्हणून, वऱ्हाडाची गाडी म्हणून ती इतकी चालली त्याचं मोठं कारण ही फरशी.

आणि इंदूरकरांनी तर अभिमानाने छाती फुगवावी अशी गोष्ट पुढेच आहे. मॅटाडोरनंतर त्याच कंपनीची ट्रॅव्हलर आली, मर्सिडीझच्या व्हॅनवर बेतलेली, आणि ती बनते आपल्या शेजारी पीथमपूरला. आज देशभरात यात्रेला, लग्नाला, हिमालयात जी गाडी सगळ्यात जास्त दिसते ती आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार होते. मॅटाडोर-ट्रॅव्हलरचा मेळा भरवायला याहून योग्य गाव दुसरं कोणतं असेल?

जुन्या मोटारींचं वेड आपल्या गावाला नवं नाही. यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गचं नाव आजही जगभरातले जाणकार घेतात. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा फार मोठा सोहळा झाला, आणि आपल्या माणसांच्या राजवाड्यात तो झाला याचा मलाही आनंद आहे. चकचकीत रोल्स-रॉइस आणि बेंटले बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं, यात वादच नाही. पण हिरवळीवर उभी करून, दोरी लावून, परीक्षकांनी गुण देऊन साजरी करायची गाडी वेगळी आणि माणसं भरून घाट चढायची गाडी वेगळी. मॅटाडोरला हिरवळीवर उभं केलं तर तिच्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. तिचं सगळं मोल चालण्यात आणि आत बसलेल्या माणसांत आहे.

माझा खरा राग कायद्याच्या रचनेवर आहे आणि तो मी लपवणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. इथवर उत्तमच आहे, निदान वारशाला नाव तरी मिळालं. पण ही गाडी रस्त्यावर काढायची ती फक्त प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक अभ्यासासाठी, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला. कुटुंबाला घेऊन महेश्वरला जाऊन यायचं हे त्या यादीत बसत नाही. शिवाय १९८५ ची मॅटाडोर या नियमाने २०३५ मध्ये व्हिंटेज होणार. तोपर्यंत तिने टिकायचं कसं? पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि साध्या कारसाठी ६०० रुपये असलेली फी एप्रिल २०२२ मध्ये थेट ५,००० झाली होती. बहुतेक मॅटाडोर तर भाड्याच्या गाड्या म्हणून नोंदलेल्या, त्यांची फिटनेसची कटकट आणखी वेगळी. मालक कंटाळतो आणि भंगारवाल्याला फोन करतो.

आत ओटा, पलंग, वर उघडणारं छप्पर करायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. सुरक्षिततेसाठी हा नियम हवाच. छप्पर कापलेली गाडी मलाही रस्त्यावर नको आहे. म्हणून माझं सगळ्या हौशी मंडळींना सांगणं आहे की गाडीच्या पत्र्याला हातच लावू नका. आपल्या आजीने छप्पर कापलं नव्हतं. उचलून ठेवता येणारी गादी, लाकडी पेटीत बसणारा स्टोव्ह, गाडीबाहेर पेटवायची चूल आणि बाजूला दोरीने बांधायची ताडपत्री, एवढ्यात संसार होतो. सरकारकडे मागायचं ते इतकंच : तीस-पस्तीस वर्षांच्या, मूळ रूपातल्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा, कडक तपासणी करा, धूर मोजा, पण पास झालेल्या गाडीला वर्षातून थोडे किलोमीटर मोकळेपणी फिरू द्या. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. त्यात एसी आणि बाथरूमवाल्या नव्या गाड्यांचा विचार झाला. जुन्या गाडीचा विचार कुठेच नाही.

धुराचा मुद्दा काढणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. रोज शहरात धूर ओकणारी जुनी डिझेल गाडी नकोच. मी वर्षातून काही वेळा निघणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीबद्दल बोलते आहे.

आमच्याकडे एक मॅटाडोर आहे, यांच्या काकांच्या छापखान्याची. ती चालते ती ट्रान्सपोर्ट नगरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींमुळे. थंडीत डिझेल गाडी सुरू करायला आधी हीटर द्यावा लागतो. आमच्या गाडीत चारही हीटर एकामागून एक जोडलेले आहेत, म्हणजे एक जळला की चारही गप्प. मिस्त्री एक तार आणि छोटा बल्ब घेऊन कोणता गेला ते बघता बघता शोधतात. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर कोणता नट किती सैल करून, हातपंप किती वेळ मारून ती काढायची, हे त्यांना कानाने कळतं. गाडी सहा महिने उभी राहिली की सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर धरतात, छताच्या पन्हळीत पाणी साचून गंज खाली दारापर्यंत येतो. ते आम्हाला नेहमी म्हणतात, “मैडम, खड़ी गाड़ी सबसे महँगी पड़ती है.” त्यांचा मुलगा आता फक्त स्कॅनर लावून नव्या गाड्या बघतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही, पोट तिथेच आहे. पण मिस्त्रींच्या हातातलं हे ज्ञान कुणी उतरवून घेतलं नाही तर दहा वर्षांनी गाडी असेल आणि सुरू करणारा नसेल. बाहेरदेशी अशा मेळ्यांत सुट्या भागांचा बाजार भरतो, म्हातारे मेकॅनिक तरुणांना सगळ्यांसमोर इंजिन उघडून दाखवतात. जर्मनीत बाड काम्बेर्गला जुन्या फोक्सवॅगनवाले दर चार वर्षांनी जमतात ते याच जिव्हाळ्याने. मेळ्याचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ओळखीतल्या काही गाड्या घेऊन मांडूला गेलो होतो. दोन मॅटाडोर, बाकी जुन्या ट्रॅव्हलर. धारपर्यंत एकमेकांना आरशात ठेवत, सावकाश. एका शेतकऱ्याच्या आवारात, त्यांना आधी विचारून, रात्र काढली. सकाळी पोहे आणि बाजूला रतलामी शेव, चहा मोठ्या पातेल्यात. एका गाडीचा फॅन बेल्ट तुटला तर दुसऱ्या गाडीत तोच बेल्ट निघाला. आमच्या वहिनींच्या सासूबाई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, खोरासानी चिंचेच्या, म्हणजे गोरखचिंचेच्या, त्या प्रचंड बुंध्याखाली खुर्चीवर बसून मुलांना जेजुरीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगत होत्या, आणि तिथे हजर असलेल्या एकाही मुलाने मोबाइल काढला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यंदा हे थोडं मोठं करायचं मनात आहे. महूवरून जाम दरवाजा, तिथून उतरून मंडलेश्वर आणि मुक्काम महेश्वरला. जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. तिथून खाली अख्खा निमाड दिसतो, त्यामुळे थांबा तिथे लांबच ठेवू. उतार मोठा आहे, ब्रेकवर पाय ठेवून कुणी उतरायचं नाही, गिअरवर उतरायचं. गाड्यांमधे अंतर ठेवायचं आणि मागचे ट्रक आधी जाऊ द्यायचे. घाटावर गाड्या लावायच्या नाहीत, नर्मदेत साबण नाही, कचरा परत इंदूरला आपल्या गाडीत. इंदूरकरांना हे शिकवावं लागणार नाही. रात्री दहानंतर गाणी बंद. स्पर्धा, बक्षीस, स्टेजवरचे पाहुणे काही नाही. मिस्त्रींना सन्मानाने बरोबर न्यायचं, त्यांचा रोज द्यायचा, आणि सकाळी दोन तास ते सगळ्यांना हीटर, पंप आणि ब्रेक उघडून दाखवतील. शूटिंग करून ठेवू.

तुमच्या वाड्यात, कारखान्यात, शेतावर अशी एखादी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला मेसेज करा. चालत नसली तरी चालेल, बघायला येऊ. ग्वाल्हेर, देवास, धार, उज्जैन, बडोदा इथल्या मंडळींनीही लिहा. आणि घरी कुलदेवतेच्या प्रवासाचे जुने फोटो असतील, गाडीसमोर सगळं कुटुंब उभं असलेले, तर खाली कमेंटमध्ये नक्की टाका, सालासकट. नंबर प्लेट झाकून टाकलीत तरी हरकत नाही.