चारायला दिलेलं रान

आज २६ जानेवारी. सकाळी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या आमच्या वसाहतीतल्या पार्कात झेंडावंदन झालं. सुरुवातीला नववीतल्या एका मुलीने इथल्या मूळ मालकांना, बुनुराँग आणि वाडावुरुंग या आदिवासींना, अभिवादन करणारी चार वाक्यं वाचली. छान वाचली, न अडखळता. तिचं वाचून होतंय न होतंय तोच मागून एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "झालं यांचं सुरू! अहो, काय करत होते हे लोक या जमिनीचं? आणि बॅटमनने मोबदला देऊन घेतलंय मेलबर्न, फुकट नाही लाटलेलं." दोघंतिघं हसले. पोरगी मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

मुलांसमोर वाद नको म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मोबदला देऊन म्हणे. काय दिलं ते ऐका. ६ जून १८३५. जॉन बॅटमन टास्मानियातून, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमधून, गलबताने आला आणि एका ओढ्याकाठी वुरुंजेरी लोकांच्या वडीलधाऱ्यांना भेटला. घोंगड्या, कुऱ्हाडी, सुऱ्या, कात्र्या, आरसे, हातरुमाल, थोडे सदरे आणि थोडं पीठ. शिवाय दरवर्षी असंच काहीबाही देत राहायचं कबूल केलं. त्याच्या बदल्यात जवळपास सहा लाख एकर. सहा लाख! आज आपण चारशे चौरस मीटरच्या प्लॉटसाठी तीस वर्षांचं कर्ज काढतो, आणि सही करण्याआधी वकिलाकडून कागद दोनदा वाचून घेतो.

त्यांना कोणी वाचून दाखवला? करार बॅटमन येतानाच घेऊन आला होता. जोसेफ गेलिब्रँड नावाच्या वकिलाने तो टास्मानियात बसून इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिला होता. बॅटमनबरोबर दुभाषे म्हणून सिडनीकडचे आदिवासी होते, त्यांची भाषा वेगळी, इथली वेगळी. बॅटमन म्हणतो, आठ जणांनी खुणा केल्या. कशावर केल्या ते त्यांना काय कळणार?

हे वाचलं की मला माझे आजोबाच दिसतात. माण तालुक्यातलं आमचं गाव, पाऊस नावाला. आजोबांचं वरचं रान एका ओळखीच्या माणसाने एका हंगामापुरतं जनावरं चारायला मागितलं. आजोबा म्हणाले, चार की, गवत काय वाळूनच जाणार आहे. तो म्हणाला, नुसतं लिहून ठेवू, उद्या तुमचं-आमचं नको. घरी आला, चहा प्यायला, कागद वाचून दाखवला. वाचला चराईचा. आजोबांनी अंगठा दिला. आजी सांगायची, अंगठ्याची शाई ते धोतराला पुसत होते आणि ती रागावली होती, कारण धोतर नवं होतं. पाऊस पडल्यावर आजोबा नांगर घेऊन गेले, तर त्याने बांधावरच अडवलं. रान माझं आहे म्हणाला, खरेदीखत आहे.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. रान काही परत आलं नाही.

म्हणून सांगते, त्या ओढ्याकाठी काय झालं असेल ते मला समजतं. वुरुंजेरी, बुनुराँग, वाडावुरुंग हे सगळे ज्यांच्यात येतात त्या कुलिन लोकांमध्ये तांडेरम नावाचा विधी आहे, आजही होतो. परका माणूस आपल्या मुलखात आला की त्याचं रीतसर स्वागत करायचं, त्याला इथलं पाणी, इथलं अन्न, इथला पाला द्यायचा, काही दिवस राहायची मुभा द्यायची. पाहुण्याने इथले नियम पाळायचे, वस्तूंची देवाणघेवाण करायची आणि आपल्या वाटेने जायचं. त्यांनी बॅटमनला तांडेरम दिलं असावं, असं बऱ्याच इतिहासकारांचंही मत आहे. मला तर शंकाच नाही. जमीन कायमची विकता येते हीच गोष्ट ज्यांच्या डोक्यात नव्हती, ते सहा लाख एकर विकतील कसे? त्यांनी चारायला दिली हो!

आणि हा बॅटमन कोण होता? काकांना बहुतेक धोतीसदऱ्यातला प्रामाणिक व्यापारी वाटतो. १८२९ मध्ये टास्मानियात बेन लोमंडजवळ याने आदिवासींच्या तळावर हल्ला केला. पकडलेले दोन जखमी पुरुष चालू शकत नाहीत म्हणून त्यांना गोळ्या घातल्या. हे त्याने स्वतःच सरकारला कळवलंय. अशा माणसाच्या नावाने मेलबर्नमध्ये मतदारसंघ होता. २०१९ च्या निवडणुकीपासून तो आदिवासी नेते विल्यम कूपर यांच्या नावाने झाला, तर तेव्हाही आपल्यातले काही कुरकुरलेच.

बरं, एक मान्य करते. त्या काळातल्या बाकीच्या गोऱ्यांनी तेवढाही करार केला नाही, बॅटमनने निदान ही जमीन कोणाची तरी आहे एवढं कागदावर कबूल केलं. केलं. पण नेमकं तेच सरकारला खुपलं. २६ ऑगस्ट १८३५ रोजी गव्हर्नर रिचर्ड बर्कने जाहीरनामा काढला आणि करार रद्दबातल ठरवला. तुम्हाला वाटेल, वा, न्याय झाला. कसला न्याय? कारण काय दिलं, तर ही सगळी जमीन राजाची आहे, मोकळी पडलेली आहे, तेव्हा इथल्या लोकांना ती विकायचा अधिकारच नाही.

माझ्या आजोबांना फसवलं. पण फसवणाऱ्यालासुद्धा कबूल करावं लागलं की रान आजोबांचं होतं, म्हणूनच तर त्याला अंगठा लागला. इथे सरकारने सांगितलं की तुम्ही मालक कधी नव्हतातच. याचा विचार केला की माझं डोकं भणाणतं.

पुढचं सगळं पटापट झालं. जाहीरनाम्यानंतर चारच दिवसांनी टास्मानियातल्याच जॉन फॉकनर नावाच्या दुसऱ्या गोऱ्याच्या माणसांचं एंटरप्राइझ जहाज यारा नदीत आलं. सरकारने त्यांना हाकललं का? नाही. १८३६ मध्ये अधिकारी पाठवला, १८३७ मध्ये हॉडल नावाच्या मोजणी अधिकाऱ्याने चौकोनी रस्ते आखले, मेलबर्न हे इंग्लंडच्या पंतप्रधानाचं नाव गावाला दिलं आणि १ जून १८३७ ला प्लॉटचा पहिला लिलाव केला. एक पैसा न मोजता घेतलेली जमीन सरकारने रोख पैशाला विकली. ज्या कॉलिन्स स्ट्रीटवर आपण ऑफिसला जातो, तिथले प्लॉट.

आता काकांचा दुसरा प्रश्न. काय करत होते या जमिनीचं?

मर्नाँग नावाचं एक रोप आहे. पिवळं फूल, खाली बोटभर लांबीचे गोडसर कंद. पश्चिमेकडची ही सगळी माळरानं, जिथे आज आपल्या वसाहती उभ्या आहेत, ती मर्नाँगने भरलेली होती. बायका लांब टोकदार काठ्यांनी कंद खणायच्या, खणता खणता माती भुसभुशीत करायच्या, लहान कंद पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. ठरावीक वेळी गवत जाळून रान ताजं करायचे. पश्चिम व्हिक्टोरियात गुंडिचमारा लोकांनी दगडी चर खणून बुज बिमला ईल मासे पाळले, सहा हजार वर्षांहून जास्त काळ. ती जागा २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. हे करत होते!

मग मेंढ्या आल्या. पाच-सहा वर्षांत लाखोंनी आल्या. मेंढी पाला खाते आणि माती मऊ असली की कंदही उकरून खाते. मर्नाँग संपलं. उपाशी माणसाने मेंढी मारली की तो चोर, मग त्याच्यावर बंदूक. पोटावर पाय देऊन वर विचारायचं, काय करत होते?

हो, त्यांच्या त्यांच्यातही वैरं होती, रक्तपात होता. कुठल्या समाजात नसतात? आपल्याकडे भाऊबंदकीत काय कमी डोकी फुटली?

डेरिमटचं सांगते. आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं त्याच्या नावाच्या सबर्बजवळ आहेत, पण डेरिमट म्हणजे रिंगरोडचं एक्झिट आणि गोदामं, एवढंच आपल्याला माहीत. डेरिमट हा बुनुराँगांमधला प्रमुख माणूस. १८३५ मध्ये आतल्या भागातल्या टोळ्या नव्या वस्तीवर हल्ला करणार होत्या, ते त्याने जाऊन फॉकनरच्या लोकांना सांगितलं. त्यांचे जीव वाचवले. त्याला काय मिळालं? शहर वाढत गेलं आणि तो आपल्याच मुलखात उपरा झाला. एकदा त्याने हल नावाच्या मॅजिस्ट्रेटला रस्त्यात बँक ऑफ व्हिक्टोरियाकडे बोट करून सांगितलं, हे सगळं माझं होतं, इथून तिथवर सगळं डेरिमटचं होतं, आता काय त्याचं, मी लवकरच मरणार. हलने १८५८ च्या चौकशी समितीपुढे हे सांगितलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. शेवटी बुनुराँगांसाठी ठेवलेली मॉर्डियालकची जेमतेम राखीव जागा तरी राहू द्या म्हणून तो धडपडला. १८६३ मध्ये तीही गेली. १८६४ मध्ये तोही गेला. कार्लटनच्या स्मशानात त्याचा दगड आहे, आम्हाला वाचवलंस म्हणून गोऱ्यांनी कौतुकाने उभारलेला.

आजोबा बाजाराला जायचे त्या वाटेवर वरचं रान लागायचं. दुसरी वाट जवळची होती, पण ते त्याच वाटेने जायचे. नातवंडांपैकी कोणी बरोबर असलं की काठीने दाखवायचे, त्या बाभळीपासून त्या बांधापर्यंत आपलं होतं. मी दरवेळी ऐकलेलं असायचं, तरी दरवेळी सांगायचे. डेरिमटचं बोलणं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि उठून बाहेर जावं लागलं.

ट्रुगनिना या आपल्याकडच्या सबर्बचं नावही ट्रुगनिनी या टास्मानियन बाईच्या नावावरून पडलं असं सांगतात. सरकारने नेमलेल्या 'संरक्षकाने' तिला १८३९ मध्ये इकडे आणलं. तिच्याबरोबरच्या टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर या दोघा टास्मानियन आदिवासींना, देवमासे पकडणाऱ्या दोन माणसांच्या खुनासाठी २० जानेवारी १८४२ रोजी मेलबर्नमध्ये जाहीर फाशी दिली. शहरातली पहिली फाशी. खून झाले होते, ते मी नाकारत नाही. पण आरोपींना स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची परवानगी नव्हती, कारण बायबलवर शपथ घ्यायला ते ख्रिस्ती नव्हते. ज्युरींनी दया दाखवा म्हटलं, तरी टांगलं. हजारो लोक बघायला आले होते. ट्रुगनिनी सुटली, १८७६ मध्ये वारली, आणि तिचा सांगाडा होबार्टच्या म्युझियममध्ये १९४७ पर्यंत लोकांनी बघावा म्हणून मांडून ठेवला होता. तिच्या नावाच्या गावात आपण वास्तुशांत करतो. करा, आनंदाने करा. पण इथल्या मूळ मालकांचं नाव घेणारी चार वाक्यं ऐकायला जड जातात?

१८१७ मध्ये शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, ते आठवून आपला आजही जीव तुटतो. त्यानंतर अठराच वर्षांनी त्याच झेंड्याखाली इथे हे झालं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज पडावी?

आपणही त्याच जमिनीवर घरं घेतलीत, ठीक आहे, घेतलीत. मीही घेतलंय, आणि सोडून कुठे जाणार नाहीये. कोणी आपल्याकडून घर मागतही नाहीये. २०२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या संसदेने मूळ लोकांबरोबरच्या कराराचा कायदा मंजूर केला, ऑस्ट्रेलियात असा पहिलाच. त्यात कोणाचं अंगण जाणार नाही. तुमचं काय जाणार आहे काका?

मघाशी फार चिडून लिहायला बसले होते, आता जरा शांत झालेय. तुम्ही माणूस वाईट नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा तुम्हीच आम्हाला गाडी शिकवलीत, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तुमच्या तोंडून ते ऐकून जास्त लागलं. येत्या रविवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला भाजी आणायला जाऊ. शेजारी, फ्रँकलिन स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, त्या दोघा फाशी दिलेल्यांचं स्मारक आहे, तेही बघू. गाडी मी चालवते. येताय का तेवढं इनबॉक्समध्ये कळवा.