कोणी आलं तर?

आमच्या आईचा किराण्याचा हिशोब घरातल्या माणसांवर कधीच नसतो. घरात आम्ही चौघं, मी, बायको, चिरंजीव आणि आई, पण सामान येतं ते "कोणी आलं तर?" या हिशोबाने. हे कोणी म्हणजे नक्की कोण ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण लहानपणापासून चांगल्या कपबश्या त्यांच्या, काजू त्यांचे, लोखंडी पलंगाखालची नवी सतरंजी पण त्यांचीच. आणि आईला दोष तरी कसा देणार, इंदूरला लोक फोन करून येतच नाहीत ना, थेट बेल वाजवतात, "बस इधर से निकल रहे थे" म्हणतात, दोन तास बसतात आणि पोहे खाऊन, वर शेव अजून मागून, मग जातात.

तर २०२० च्या मार्चमध्ये या हिशोबाची गाठ पडली करोनाशी.

बातमी आमच्याकडे आली ती ऑस्ट्रेलियाहून. दादा मेलबर्नला असतो, त्याचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे त्याची काळजी पण आमच्या आधीच सुरू होते. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला आणि चेहरा असा की आईला वाटलं नोकरी गेली. तर म्हणे टॉयलेट पेपर मिळत नाहीये. सगळ्या सुपरमार्केटची ती रांगच रिकामी, एका मोठ्या दुकानाने तर माणशी चारच पाकिटं असा नियम केला, लोक एकमेकांच्या ट्रॉलीवरून भांडताहेत. वर त्याने सांगितलं की डार्विनच्या एका पेपरने ५ मार्चच्या अंकात आठ पानं कोरीच छापली, कापायच्या रेघा आखून, की घ्या, अडचणीत कामी येतील.

"म्हणजे बातम्याच नव्हत्या?" आई.

मग थोडा वेळ शांत राहून तिने मूळ मुद्द्याला हात घातला, "अरे पण तू इथून प्लास्टिकचा मग घेऊन गेला होतास ना?" दादाचा आवाज एकदम बारीक झाला. तो मग आहेच, वापरात पण आहे, फक्त कोणी ऑफिसचं घरी आलं की तो बाथरूमच्या कपाटात जातो, पण सगळे घेत होते म्हणून याने पण घेतलं, आणि माणशी मोजून देतात म्हणून वहिनीला वेगळी ट्रॉली घेऊन वेगळ्या रांगेत उभं केलं, जसे काही दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. वहिनी मागून म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दुकानात भांडण न होता खरेदी झाली.

यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण मग तो म्हणाला की इंडियन स्टोअरमधलं पीठ पण संपलंय. दहा किलोच्या आट्याच्या पिशव्या गेल्या, तूरडाळ गेली, त्याच्या हाती फक्त मैदा लागला. आईचं हसणं बंद. कागद संपणं एक वेळ ठीक, पण पीठ! पोरगं पोळ्या कशाच्या खाणार?

जाता जाता दादाने आम्हाला पण तंबी दिली की तुम्ही पण भरून ठेवा, उद्या तुमच्याकडे पण बंद होईल, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली. टिनमधले बीन्स, पास्ता, फ्रोझन मटार, महिनोन्‌महिने टिकणारं दूध, बॅटरीचे सेल. बायकोने ती मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या घरात टिन एकच, रसगुल्ल्यांचा, आणि तो पण कोणी आलं तर म्हणून.

खरं सांगायचं तर इंदूरला तोवर कोणी हे मनावर घेतलंच नव्हतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, रद्द झाली तेव्हा कुठे लोकांना वाटलं की मामला सीरियस आहे, कारण इथे गेर निघणार नाही म्हणजे काय, रंगाचे टँकर आणि ती गर्दी नसेल तर राजवाड्याला रंगपंचमी झाली हे कळणार कसं! त्यात आमच्या मध्य प्रदेशात सरकारच बदलत होतं, २० मार्चला कमलनाथांचा राजीनामा, २३ ला रात्री शिवराजसिंहांचा शपथविधी, म्हणजे साठा करायचा की नाही हे विचारायचं तरी कोणाला. म्हणून आईनेच निर्णय घेतला. वर्षाचा गहू या वर्षी लवकर भरायचा.

आता माळव्यात वर्षाचा गहू हे मोठं प्रकरण असतं. एरवी ते एप्रिलमध्ये, आरामात, दोन-चार दुकानांचे गहू तळहातावर घेऊन, दाताखाली चावून, भावात मागेपुढे करून होतं. या वेळी मी छावणीच्या मंडीत गेलो आणि नुसतं "हो" म्हणून आलो. तीन क्विंटल लोकवन, आणि शिवाय एक कट्टा शरबतीचा, कारण शरबती महाग, त्याच्या पोळ्या मऊ, आणि त्या कोणाच्या पानात जातात हे तुम्हाला आता सांगायला नको. मग कट्टे जिन्यावरून वर चढवणं, निवडणं, चाळणं, हाताला एरंडेल लावून गहू चोळणं, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणं. घरभर एरंडेलाचा वास. चिरंजीवांनी कोठीत डोकं घालून "हॅलो" म्हणून पाहिलं, आवाज घुमला नाही म्हणजे भरली, असं सर्टिफिकेट दिलं.

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला सियागंजच्या किराणा बाजारात पाठवण्यात आलं. बायकोची यादी शहाण्या माणसासारखी, आईच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, साबण, डाळी, तेल, सॅनिटायझर. सॅनिटायझर त्याच दिवशी सरकारने २०० मिलीला जास्तीत जास्त १०० रुपये असं बांधून दिलं होतं, आणि भाव बांधला गेला म्हणजे मेडिकलवाल्याकडून माल गायब होणार हे मला वाटेतच कळायला हवं होतं पण असो. सियागंजला स्कूटर लावायला जागा नाही. जो तो म्हणतोय "अपने को क्या, दो-चार चीज़ें लेनी हैं" आणि प्रत्येकाच्या खांद्यावर पंधरा किलोचा तेलाचा डबा. दुकानदार तर अगदी फिलॉसॉफर झालेला, "ले जाओ भिया, कल का भरोसा नी है", आणि कालपर्यंत हाच माणूस उधारीच्या वहीतलं माझं नाव वाचून दाखवत होता.

अशा गर्दीत आपली यादी खिशातच राहते आणि आपण दुसऱ्याच्या थैलीत काय जातंय ते बघून घेत सुटतो. शेजारच्याने साबुदाणा घेतला, मी घेतला. एका काकूंनी मोरधन, म्हणजे वरई, घेतलं, नवरात्र बसतंय म्हणाल्या, आमच्याकडे नवरात्राचे उपास कोणी धरत नाही, मी मोरधन घेतलं. पुढचा माणूस मीठ विसरून परत आला पण पोह्यांवर घालायच्या जीरावन मसाल्याची पाकिटं त्याने पहिल्या फेरीतच घेतली होती. आणि येताना बघितलं तर मेडिकलवर जेवढे लोक त्याच्या दुप्पट नमकीनच्या दुकानावर. तिथे मात्र मी यादीत नसताना पण उभा राहिलो, ते मला एकदम बरोबर वाटलं. मेलबर्नला टॉयलेट पेपरसाठी हाणामारी होते, आमच्याकडे लौंग सेवसाठी, ज्याचा त्याचा जीव कशात आहे त्याला तो राखणार.

दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, घरात बसायचं, पाच वाजता दारात थाळ्या वाजवायच्या. इंदूरने घरात बसणं पाच वाजेपर्यंत नीट पार पाडलं आणि मग लोक थाळ्या घेऊन राजवाड्यावर जमले, मिरवणूक काढून, जशी काही मॅच जिंकली. टीव्हीवर ते देशभर दाखवलं. दादाचा लगेच मेसेज, हे काय चाललंय तुमचं? आता याला आम्ही काय उत्तर देणार.

मग आला मंगळवार, २४ मार्च. रात्री आठचं भाषण. २१ दिवस हा आकडा ऐकल्यावर आमच्या गल्लीत पुढचं कोणी ऐकलंच नाही, सगळ्या फाटकांचा एकदम आवाज झाला. आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा! गाठी आणायची राहिलेली, चक्का राहिलेला. आई म्हणाली दोन किलो. बायको म्हणाली एक, जगात काय चाललंय, कोण येणार आहे? आई म्हणाली, "पाडव्याला येतं कोणीतरी." बायकोने माझ्याकडे बघितलं, मी थैलीकडे बघितलं आणि निघालो.

डेअरीचं शटर अर्धं खाली. वाकून विचारलं तर आतून आवाज, "भिया, तीन किलो बचा है, पूरा ले जाओ, कल तो किसको देंगे." आता एक किलो नेला असता तर आई, दोन नेला असता तर बायको, तीनवर निदान दोघी एकत्र तरी आल्या. गाठी नाहीच मिळाली, गुढीला बत्ताशे दोऱ्यात ओवून घातले, त्यातले अर्धे ओवताना फुटले आणि चिरंजीवांनी खाल्ले.

पाडव्याच्याच दिवशी शहरात पहिले पेशंट निघाले आणि कर्फ्यू लागला. गल्लीतल्या मराठी घरांच्या गुढ्या तेवढ्या दिसत होत्या, माणसं गच्चीवरून एकमेकांना ओरडून शुभेच्छा देत होती. आईने जांभळी नारायणपेठ नेसून दुपारभर फाटकाकडे तोंड करून खुर्ची टाकली. कुत्रं पण आलं नाही. संध्याकाळी श्रीखंडाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला जागा करताना बायकोने भाज्या बाहेर काढल्या पण तोंडातून शब्द काढला नाही, हे मला जास्त जड गेलं.

आणि खरी गंमत पुढेच होती. चार दिवसांत डब्यातलं पीठ संपलं आणि लक्षात आलं की गिरणी बंद. कोठीत तीन क्विंटल लोकवन, कट्ट्यात शरबती, आणि पोळीला पीठ नाही! रात्री दादाचा कॉल, तो तिकडे मैद्याच्या पोळ्या ताणतोय, आम्ही इकडे गव्हाच्या घुगऱ्या, गव्हाची खीर, मिक्सरमधून काढलेला दलिया, दलियाची खिचडी. मिक्सरला तिसऱ्या वाटीला जळका वास यायला लागला तेव्हा तो पण बंद. दादा म्हणाला पास्ता घ्या म्हटलं होतं ना. त्याला आई म्हणाली तू आधी तो मग बाहेर काढ कपाटातून.

मार्च संपता संपता तर किराणा-भाजीची दुकानं पण पूर्ण बंद झाली, आणि मग नगर निगमची सोय आली की किराण्याची यादी कचरागाडीबरोबर येणाऱ्या माणसाकडे द्यायची, सामान घरपोच. कचरागाडी हा इंदूरचा अभिमान, देशात पहिला नंबर वगैरे, पण साखरेची यादी कचरागाडीला द्यायची म्हटल्यावर आई गप्पच झाली. नंतर तिने आत जाऊन स्वच्छ अक्षरात पाठपोट यादी लिहिली, शेवटी आम्ही कोणी खात नाही ती नारळाची बिस्किटं.

मधल्या काळात ते श्रीखंड कमी होत होतं. मला वाटायचं बायको खातेय, तिला वाटायचं मी, दोघांनी मिळून चिरंजीवांवर शंका घेतली पण त्याला श्रीखंडाच्या वासाने पण कसंतरी होतं.

आणि एप्रिलमध्ये एकदाचं कोणीतरी आलं. घरोघरचा सर्व्हे. दोन मुली, मास्क, हातात रजिस्टर, फाटकाबाहेर उभ्या. आई सगळ्यांच्या आधी बाहेर. चहा घेता का, शेव देऊ का, आत नाही तर ओट्यावर बसा. त्या बिचाऱ्या "नहीं आंटी, दूर रहिए" म्हणत मागे सरकताहेत. मग प्रश्न, घर में बाहर से कोई आया है?

"कोई नहीं आया बेटी," आई तक्रारीच्या सुरात, "पाडवे को भी नहीं आया."

"कितने सदस्य हैं?"

"सात." मी मागून चार म्हटलं. आई म्हणाली, "चार यहाँ, तीन ऑस्ट्रेलिया में."

पेन थांबलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, अजून दोन पावलं मागे. ऑस्ट्रेलिया से कब आए? आए ही नहीं. फिर गिना क्यों? आता आई आपल्या पोराला मोजायचं सोडेल का, ती त्यांना सांगायला लागली की तो कसा येतच नाही, मागच्या दिवाळीला पण तिकीट काढून कॅन्सल केलं, आणि हे सगळं फाटकाच्या अंतरावरून म्हणजे मोठ्या आवाजात, समोरच्या तिन्ही गच्च्या भरलेल्या. गल्लीपर्यंत त्यातला एकच शब्द पोचला.

संध्याकाळपर्यंत दादा इंदूरला आलेला होता. दूधवाल्याने पिशवी फाटकाच्या आत न टाकता रस्त्यावरच्या दगडावर ठेवली. माझ्या चुलत बहिणीचा उज्जैनहून फोन, आणि मग समोरच्या काकूंचा, स्पीकरवर, "आलाय तर सांगा हो वहिनी, लपवू नका, आम्ही काय कुठे कंप्लेंट करणार आहोत का."

आईचा आवाज चढला. "नाही हो आला! आला असता तर तीन किलो चक्क्याचं श्रीखंड मला एकटीला रात्री उठून उठून संपवावं लागलं असतं का?"

बायको काही न बोलता शुगर मोजायचं मशीन शोधायला उठली.