‘फार’ आपलाच, पण ‘फार्देस्ट’ त्यातून आलेला नाही

‘सर्वांत दूर’ या अर्थाचा इंग्रजी ‘फार्देस्ट’ म्हणजे आपलं ‘फार’ अधिक ‘दूरस्थ’, इंग्रजांनी तो मराठीतून उचलला, असा मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. मराठीवर जीव आहे म्हणूनच तो खोडून काढावासा वाटतो.

आधी अर्थ बघा. ‘स्टँड फार लांब आहे’ म्हणतो, तसं ‘फार जवळ आहे’ही म्हणतो. अंतर ‘लांब’मध्ये आहे, ‘फार’ फक्त प्रमाण वाढवतो. त्याचं मूळ संस्कृत ‘स्फार’, म्हणजे विस्तीर्ण, विपुल.

काळही जुळत नाही. मराठीत काव्य रचणारे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले १५७९ साली. इंग्रजी ‘फार’चं जुनं रूप ‘फेओर’ त्याआधी कित्येक शतकं लिहिलं जात होतं.

खरी गंमत उच्चारात आहे. संस्कृतात शब्दारंभी ‘प’ असतो तिथे इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’ येतो: पितृ–फादर, पाद–फूट, पञ्च–फाइव्ह. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये ही संगती नीट मांडली. म्हणजे इंग्रजी ‘फार’चा आपल्याकडचा नातलग ‘प’चाच हवा. तो आहेही: ‘पर’. परदेश, परगाव, परका यांतला! मेसेजवाल्यांनी नातं शोधलं, पण चुकीच्या दारात.

शेवटच्या ‘एस्ट’बाबत मेसेज खऱ्याच्या जवळून जातो. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि हा ‘एस्ट’ सख्खे भाऊ आहेत. पण भाऊ म्हणजे बाप नव्हे, आणि ‘दूरस्थ’मधला ‘स्थ’ तर ‘स्था’ धातूचा, वेगळ्याच कुळातला. मधला ‘द’ इंग्रजीने घरातूनच उसना घेतला. ‘अधिक दूर’साठी पूर्वी ‘फारर’ असं रूप होतं. ‘अधिक पुढे’ या अर्थाचा ‘फर्दर’ त्याहून जुना. त्याच्या वळणावर ‘फारर’चं ‘फार्दर’ झालं, आणि मग ‘फार्देस्ट’.

मेसेजच्या शेपटाला एक नियमही असतो: मोजता येणाऱ्या अंतराला ‘फार्देस्ट’, बाकी सगळीकडे ‘फर्देस्ट’, आणि हे म्हणे पहिल्यापासून ठरलेलं. तसं नाही. दोन्ही शब्द शतकानुशतकं एकमेकांच्या जागी वापरले गेलेत. हा भेद अमेरिकेत जास्त पाळतात. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या अंतरालाही ‘फर्देस्ट’ सर्रास चालतो. पेपरात ‘फर्देस्ट प्लॅनेट’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापू नका.