टेबल स्लो आहे म्हणून फिल्टर काढू नका

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं टेबल लोड व्हायला वेळ लागला की एक सल्ला हमखास येतो: 'फिल्टर कमी करा, जुना डेटा काढा, तरी नाही जमलं तर मोठी कपॅसिटी (म्हणजे जास्त ताकदीचा सर्व्हर) घ्या.' हा सल्ला इतका फॉरवर्ड झालाय की नवी मुलं तो नियम म्हणूनच पाळतात. मला तो जवळजवळ पूर्ण चुकीचा वाटतो. आणि त्याचा फटका बसतो रिपोर्ट वापरणाऱ्याला, कारण त्याच्या रोजच्या कामाचा फिल्टरच आपण काढून घेतो.

आधी फिल्टरचं बघू. इम्पोर्ट केलेला डेटा पॉवर बीआयचं व्हर्टिपॅक इंजिन कॉलमनुसार साठवतं. वर्ष, जिल्हा अशा कॉलमवरचा साधा फिल्टर त्याला जड जात नाही; उलट मोजायच्या ओळी कमी होतात. जड जातो तो मेजरवरचा, म्हणजे सूत्राने काढलेल्या आकड्यावरचा फिल्टर. 'विक्री ५० हजारांच्या वर' अशी अट घातली की आधी प्रत्येक ओळीची विक्री काढायची, मग चाळायची. दोन्हींना आपण फिल्टरच म्हणतो, तिथेच गफलत होते.

दुसरं कारण सांगतात, 'ओळी फार झाल्या.' पण टेबल व्हिज्युअल सुरुवातीला साधारण ५०० ओळीच मागवतं, पुढच्या स्क्रोल केल्यावर येतात. मग वेळ जातो कुठे? मी जी टेबलं दुरुस्त केली, त्यांत अनेकदा मेजरच्या शेवटी कुणीतरी '+ ०' लावलेलं सापडलं. रिकामी चौकट दिसू नये, हा हेतू चांगलाच. पण ग्राहक, वस्तू, महिना अशा ज्या जोडीचं उत्तर रिकामं येतं ती जोडी पॉवर बीआय गाळून टाकतं, आणि त्यामुळेच टेबल हलकं राहतं. शून्य मिळवलं की एकही जोडी रिकामी उरत नाही. समजा तीन वेगळ्या मास्टर टेबलांतून २,००० ग्राहक, ५०० वस्तू आणि १२ महिने घेतले. झाल्या १ कोटी २० लाख जोड्या, मग प्रत्यक्ष व्यवहार ४० हजारच का असेनात! इथे जुने व्यवहार कितीही काढा; ग्राहक तेवढेच, वस्तू तेवढ्याच, त्यामुळे जोड्याही तेवढ्याच. ते '+ ०' पुसा. शून्य हवंच असेल तर एकच आकडा दाखवणाऱ्या कार्डासाठी वेगळं मेजर करा.

कपॅसिटीचं म्हणाल तर डेटा वाचणारं स्टोरेज इंजिन काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटून घेतं, पण सूत्र सोडवणारं फॉर्म्युला इंजिन एका क्वेरीसाठी (डेटाला विचारलेल्या एका प्रश्नासाठी) एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. या कोट्यवधी जोड्यांची उस्तवार बहुतांशी त्याच्याच गळ्यात पडते, तिथे जादा कोअर उपयोगी पडत नाहीत. एकाच वेळी खूप लोक रिपोर्ट उघडत असतील तर गोष्ट वेगळी.

एका बाबतीत मात्र सल्ल्यात तथ्य आहे: स्लायसर, म्हणजे रिपोर्टच्या पानावरच दिसणारे निवडीचे फिल्टर. प्रत्येक स्लायसर स्वतःची क्वेरी पाठवतो, आणि एकात निवड बदलली की सहसा बाकीचेही पुन्हा विचारायला जातात. तरीही ते काढायची गरज नाही. 'अप्लाय' बटण लावा, म्हणजे सगळ्या निवडी झाल्यावर एकदाच क्वेरी जातील.

काहीही काढण्याआधी पॉवर बीआयमधलं वेळ मोजणारं परफॉर्मन्स अ‍ॅनालायझर सुरू करून टेबल रिफ्रेश करा. डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) क्वेरीचा वेळ मोठा दिसला तर ती क्वेरी डॅक्स स्टुडिओ या वेगळ्या टूलमध्ये नेऊन सर्व्हर टायमिंग्ज बघा; कुठल्या इंजिनाने किती वेळ घेतला ते तिथे दिसतं. वेळ फॉर्म्युला इंजिन खात असेल तर मेजर उघडा. स्टोरेज इंजिन खात असेल तर कॉलम तपासा, विशेषतः तारीख आणि वेळ एकत्र असलेला. सेकंदापर्यंतची वेळ ठेवली की जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि कॉलम फुगतो. नुसती तारीख ठेवली की वर्षाला फार तर ३६६ वेगळ्या नोंदी पुरतात.