फरशीखाली म्हणे हवा खेळू द्या!

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला, खाली "आपलं चुकतंय का रे?" तिच्या बाथरूममध्ये इलेक्ट्रिक अंडरफ्लोर हीटिंगची मॅट (म्हणजे टाइलखाली राहून फरशी तापवणाऱ्या केबलची जाळी) अंथरून झालीय, सकाळी मिस्त्री येणार आणि ऐन वेळी हे. मेसेजचं म्हणणं असं, की पोर्सिलेन टाइल उष्णतेने तडकते म्हणून संगमरवरच घ्या, रंग गडद घ्या म्हणजे जास्त तापेल, आणि टाइलला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाचच गोळे ॲडहेसिव्ह लावा, म्हणजे पोकळीत गरम हवा खेळते.

तडकण्याचं आधी. पोर्सिलेन भट्टीत 1200 अंशांच्या आसपास भाजून निघतं. आणि जमीन किती तापवायची? ईएन 1264 हे युरोपियन स्टँडर्ड राहत्या खोलीत 29 अंश आणि बाथरूममध्ये 33 अंशांच्या वर जाऊ देत नाही (ते मुळात गरम पाण्याच्या पाइपांसाठी आहे, पण पाय तेच ना). म्हणजे आपल्या अंगापेक्षाही गार! चार मीटरची फरशी 15 अंशांनी तापली तरी वाढते अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. टाइल तडकते ती खालचा कोबा तडकलेला असतो म्हणून, भिंतीलगत फट सोडलेली नसते म्हणून, नाहीतर ॲडहेसिव्ह पुरतं सुकायच्या आत कोणीतरी बटण दाबलेलं असतं म्हणून. पिशवीवर सी2 आणि एस1 लिहिलेलं लवचिक ॲडहेसिव्ह घ्या, बास.

आता ते पाच गोळे. डोकंच फिरलं माझं. अहो, अडकलेली हवा उष्णता वाहत नाही, अडवते, रजईत ऊब राहते ती कशामुळे? पोर्सिलेनच्या तुलनेत हवा उष्णता पन्नासेक पट कमी वाहून नेते. केबलला हे काय कळणार, ती आपली ठरलेले वॅट ओतत राहते, पोकळीत उष्णतेला वर जायला वाट नाही मग केबल तिथेच स्वतःला भाजत बसते, आणि थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर दुसरीकडे नळीत, त्याला पत्ताच नाही. केबल जळाली की टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. शिवाय पोकळ टाइलवर बादली आपटली तर ती तडकणार, आणि मग मेसेजवाले म्हणणार, बघा, पोर्सिलेन!

संगमरवराचं म्हणाल तर, ठीक आहे, तो पोर्सिलेनपेक्षा उष्णता जरा चांगली वाहतो, एवढं खरं. पण 10 मिलिमीटर जाडीत तो फरक पायाला कळत नाही, आणि संगमरवराला बाथरूममध्ये डाग पडतात ते वेगळंच. रंगाचा संबंध उन्हाशी, खालून येणाऱ्या उष्णतेशी नाही.

ताईला एवढंच सांगितलं, मिस्त्रीला पहिली टाइल बसवली की लगेच उचलून दाखवायला सांग, पाठीवर सगळीकडे ॲडहेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे. आणि दातेरी थापी प्लास्टिकची वापरायला लाव, लोखंडी थापीने केबल सोलवटते. टाइल बसवायच्या आधी आणि नंतर मल्टिमीटरने केबलचा रोध, म्हणजे ओहम, मोजून घे, आकडा मॅटच्या लेबलशी जुळला नाही तर काम तिथेच थांबव आणि मला फोन कर.